तानूबाईंची दोन मिनिटं

"मावशींचं यंत्र हल्ली जास्त वेळ चालतं," बुवा म्हणाले.

म्हणाले म्हणजे कुजबुजले. यज्ञेश्वरबुवा कागवाडकरांचा आवाज तेव्हा असा झाला होता की समोरच्यानं श्वास रोखून ऐकावं. तीस वर्षं ज्यांचं कीर्तन देवळाच्या शेवटच्या खांबापर्यंत माइकशिवाय पोचत होतं, त्यांच्या गळ्यात गाठ निघाली होती. रोज सकाळी साडेदहाला ते आमच्या तळघरात यायचे, धोतराचा सोगा सावरत किरण देणाऱ्या कोबाल्ट मशीनच्या टेबलावर झोपायचे आणि दहा मिनिटांनी बाहेर येऊन बाकावर कोमट पाणी पीत बसायचे. मी सात वर्षांची असल्यापासून रामनवमीच्या उत्सवात त्यांना ऐकत आले होते. वडील त्यांच्या साथीला पेटीवर असत. मध्यंतरात बुवा स्वतः येऊन माझ्या कपाळाला बुक्का लावायचे. त्यामुळे सकाळी ते आले की मी माझं काम टाकून पाचदहा मिनिटं त्यांच्याशेजारी बसत असे. बोलायचं मीच. त्यांना डॉक्टरांनी फार बोलू नका म्हणून सांगितलं होतं.

"कुठल्या मावशी?" मी विचारलं.

"तानूबाई. आत्ता आत गेल्या त्या."

बोरगावच्या तानूबाई खोत. साठीच्या. पोटाच्या खालच्या भागावर किरण घेत होत्या. बुवांच्या नंतर त्यांचा नंबर असे.

"जास्त म्हणजे किती?"

बुवांनी दारावरच्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं. मशीन सुरू झालं की तो लागायचा, थांबलं की विझायचा. "तो लागला की मी मनात नाम धरतो. एका लयीत. मागच्या आठवड्यात त्यांच्या सात फेऱ्या व्हायच्या. सोमवारीही सात. मंगळवारपासून दहा."

मला हसू आलं. त्यातलं थोडं कौतुकाचं होतं आणि थोडं, आता कबूल करायला हरकत नाही, कीव केल्यासारखं.

"बुवा, कोबाल्ट जुना होत जातो. त्याची ताकद दर महिन्याला थोडी कमी होते, म्हणून वेळ वाढवावा लागतो. आता तो हिशेब माझा प्रोग्रॅम करतो, अगदी काट्यावर."

बुवांनी पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाले, "माझ्या का वाढल्या नाहीत?"

"काय?"

"माझ्या सहाच आहेत. मागच्या आठवड्यातही सहा, आजही सहा. कोबाल्ट एकच ना?"

मी त्या लाल दिव्याकडे पाहिलं. तो अजून लागला नव्हता.

हा सगळा प्रकार शहाण्णव सालचा, माघातल्या एका शुक्रवारचा. आमचं हे धर्मादाय कॅन्सर रुग्णालय कृष्णाकाठच्या एका गावात होतं. कुणाला किती मिनिटं किरण द्यायचे हा हिशेब आमचे भौतिकतज्ज्ञ पोंक्षे सर वीस वर्षं हातानं करत आले होते. पेन्सिल, तक्ते आणि मोठं खोडरबर. मी बीएस्सी झाले, कोल्हापूरला सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला, सव्वा वर्ष इकडेतिकडे छोटी कामं केली आणि इथं लागले. मुलाखतीत विश्वस्तांनी विचारलं होतं, "सी भाषा येते का?" मी म्हटलं होतं, "येते. पूर्ण येते." आठ महिन्यांत मी सरांचा हिशेब सी भाषेत लिहून काढला. सरांनी जुनी चाळीस कार्डं माझ्यासमोर टाकली. चाळीसच्या चाळीस बरोबर आली. तेव्हा कुठे सर म्हणाले, "पहिला आठवडा तीनच पेशंट घेऊ. एक किसनराव, एक बुवा, एक तानूबाई." आठवडा नीट गेला की शनिवारी विश्वस्तांच्या बैठकीत माझी नोकरी कायम व्हायची होती.

त्या सोमवारी मी बुवांना मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, आजपासून तुमची मिनिटं माझा प्रोग्रॅम काढतोय म्हणून.

"किती वर्षं शिकलीस ही भाषा?" त्यांनी विचारलं होतं.

"अडीच."

"मी गुरूंच्या मागे झांज घेऊन नऊ वर्षं उभा होतो. नऊ वर्षांनी म्हणाले, आज पूर्वरंग तू कर. केला. म्हणाले, पाठ आहे तुझं. बस खाली."

"आणि मग?"

"मग आणखी पाच वर्षं झांज."

"बुवा, तुमचं ठीक आहे. तुमच्यापुढे पोथ्या, पुराणं, राग, ताल. माझ्या भाषेत शब्दच मुळी बत्तीस आहेत."

"बत्तीसच?" बुवा विचारात पडल्यासारखे म्हणाले होते. "मग अवघड आहे बाई."

ही बुवांची थट्टा समजून मी ती वडिलांनाही सांगितली होती.

आता मी बाकावरून उठले. पेशंटला टेबलावर झोपवून, अंगावरच्या शाईच्या खुणा जुळवायला शशिकलाताईंना पाच-सात मिनिटं लागत. त्यातली तीन तरी बुवांशी बोलण्यात गेली होती.

कंट्रोलच्या खोलीत गेले तेव्हा शशिकलाताई आतलं जाड शिशाचं दार लावून नुकत्याच बाहेर आल्या होत्या. शशिकला चौगुले, आमच्या तंत्रज्ञ. वीस वर्षांची नोकरी, एक दिवस उशीर नाही. त्यांच्या हातात कागदाची चिठ्ठी होती, माझ्या प्रोग्रॅमनं छापलेली.

"ताई, थांबा जरा. किती आलंय?"

"दोन मिनिटं शून्य शून्य. का गं?"

"मागच्या आठवड्यात किती होतं?"

त्यांनी तानूबाईंचं कार्ड उलटलं. सरांच्या पेन्सिलीत, मोत्यासारख्या अक्षरात, पाच दिवसांची ओळ होती. एक पूर्णांक चार. एक पूर्णांक चार. सोमवारीही एक पूर्णांक चार. मंगळवारपासून ताईंच्या निळ्या पेननं दोन, दोन, दोन.

"एवढा फरक पडला, तुम्हाला काही वाटलं नाही?"

"मला वाटलं तुझा कॉम्प्युटर जास्त बरोबर असेल," ताई साधेपणानं म्हणाल्या. "तूच नाही का म्हणालीस, काट्यावर म्हणून?"

मी खुर्ची ओढली आणि तानूबाईंचा हिशेब स्वतः पुन्हा घातला. गाठीची खोली, मापं, दिवस, सगळं. एंटर दाबलं. पडद्यावर आलं, एक पूर्णांक चार.

"हे बघ," ताई म्हणाल्या. "आता बरोबर आलं."

"मग मघाशी दोन कसं आलं?"

"ते मला काय विचारतेस? यंत्र तुझं." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "आत बाई एकटी पडलीय. एक पूर्णांक चार लावू का? का दोन? काय ते सांग."

एकाच कॉम्प्युटरनं एकाच बाईचे दोन आकडे सांगितले होते. कुठला खरा हे कार्डावरून कळत होतं. दुसरा कुठून आला ते मला कळत नव्हतं. मी मनातल्या मनात सगळ्या ओळी वाचत होते. बेरीज बरोबर, भागाकार बरोबर. बत्तीस शब्दांतला कुठलाच शब्द चुकलेला नव्हता.

"ताई, मघाशी जसं घातलंत तसं परत घाला. मी बघते. बुवांपासून सुरू करा."

"आत बाई आहे."

"दोनच मिनिटं."

भिंतीवरच्या स्पीकरमधून तानूबाईंचा आवाज आला. "ताई, झालं का वं? अंग आखडलं माझं."

"झालंच मावशी, हलू नका," ताई माइकमध्ये म्हणाल्या आणि माझ्याकडे डोळे वटारून कीबोर्डवर बसल्या.

त्यांनी बुवांचं कार्ड समोर धरलं. एकेक आकडा बोटानं दाबून टाकला. बुवांच्या मानेचा आकार निमुळता, म्हणून किरणांच्या वाटेत धातूची एक पाचर ठेवत असत. तिला आम्ही सगळे वेज म्हणायचो. वेज असली की किरण अडतात, दहातले सातच पार जातात, म्हणून वेळ वाढवायचा. ते गणित प्रोग्रॅम करायचा. ताईंनी वेजपुढे शून्य पूर्णांक सात टाकलं, कार्डावर होतं तसं. मग तानूबाईंचं कार्ड घेतलं. खोली. मापं. वेजपाशी आल्या आणि त्यांच्या बोटानं एक आडवी रेघ दाबली.

"हे काय टाकलंत?"

"कार्डावर आहे ते." त्यांनी कार्ड माझ्या नाकापुढे धरलं. वेजच्या चौकोनात सरांची सुबक आडवी रेघ होती. निरंक. ज्याला वेज नाही त्याच्या चौकोनात सर वीस वर्षं रेघ मारत आले होते.

"मी सांगितलं होतं ना, वेज नसेल तर एक टाका म्हणून?"

"आणि सरांनी वीस वर्षं सांगितलंय, कार्डावर असेल तेच, पदरचं काही नाही. मी सरांचं ऐकेन का तुझं?"

 सोमवारी सगळं मीच टाइप केलं होतं, सर शेजारी उभे. तपासणीच्या चाळीस कार्डांनाही मीच बसले होते. मला ठाऊक होतं एक टाकायचा, म्हणून मी एक टाकत होते. मंगळवारी सर मुंबईला बैठकीसाठी गेले आणि ताई कीबोर्डवर बसल्या.

ताईंनी एंटर दाबलं. दोन पूर्णांक शून्य शून्य.

आता कळलं. रेघ हा आकडा नव्हे. प्रोग्रॅमनं आकडा मागितला, त्याला रेघ मिळाली, त्यानं रेघ बाजूला सोडली आणि मुकाट्यानं मागच्या पेशंटचा आकडाच धरून ठेवला. बुवांची पाचर तानूबाईंच्या हिशेबात. किसनरावांना स्वतःची वेज होती, म्हणून ते सुटले. तक्रार नाही, सूचना नाही. चिठ्ठीवर मी फक्त मिनिटं छापत होते, सुटसुटीत दिसावं म्हणून. वेजचा आकडा छापला असता तर ताईंना पहिल्याच दिवशी दिसला असता.

मी तीन दिवसांचा हिशेब केला. मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन दिवसांत तानूबाईंना सव्वाचार दिवसांचे किरण गेले होते.

ताईंनाही समजलं असावं. त्या खुर्चीतून उठल्या, दाराकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "अनघा, ऐक. आज एक पूर्णांक चार देऊ या. सर बाराच्या गाडीनं येतायत. तोवर तू ते दुरुस्त कर. होईल ना दुरुस्त?"

"होईल."

"मग झालं. उद्या तुझी बैठक आहे. माझी नोकरीची सात वर्षं राहिलीत. मुद्दाम कुणी केलंय का?"

मी कीबोर्ड पुढे ओढला. दुरुस्ती सोपी होती, किंवा मला तसं वाटलं. रेघ आली तर एक धर. एक ओळ. मी ती लिहायला घेतली आणि अर्ध्यावर थांबले. कुणी जागा कोरी सोडली तर? कुणी एकच्या जागी छोटा एल दाबला तर? वेजऐवजी खोलीच्या आकड्यातच रेघ पडली तर? आकडा मिळाला नाही तर ही भाषा काय करते, याचा मी अडीच वर्षांत एकदाही विचार केला नव्हता. मला कळलं की मी जी ओळ लिहितेय तीही अंदाजानंच लिहितेय.

"ताई," स्पीकरमधून आवाज आला, "येऊ का बाहेर? पोटात कळ येतीया. दोन दिस झालं, सारखं जावं लागतंय."

"सारखं म्हणजे?" मी ताईंकडे पाहिलं.

"जुलाब होतायत त्यांना बुधवारपासून. त्या भागाला होतं असं," ताई म्हणाल्या, आणि त्यांची नजर कार्डावरच्या त्या तीन दोनांवर गेली.

मी उठले. "ताई, त्यांना बाहेर आणा. आज काही देऊ नका."

"तू कोण थांबवणार? सर नाहीत."

"माझा प्रोग्रॅम आहे. मी थांबवते."

"आणि मी काय सांगू वर?"

"मी लिहिते."

कंट्रोलच्या टेबलावर एक जाड वही असे. मशीन कधी थांबलं, का थांबलं, ते शाईनं लिहायचं आणि खाली सही करायची. खोडायचं नाही, असा सरांचा नियम. मी वही उघडली. पेन उचललं. पहिल्या ओळीत फक्त तारीख आणि वेळ लिहिली. दहा वाजून बावन्न मिनिटं. मग लिहिलं, तानूबाई खोत यांना मंगळवार ते गुरुवार दर दिवशी एक पूर्णांक चारऐवजी दोन मिनिटं, पुढून एकदा आणि मागून एकदा. कारण, प्रोग्रॅममधली चूक. प्रोग्रॅम लिहिणारी, अनघा देवस्थळी. सही.

शशिकलाताई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. "माझं नाव घातलं नाहीस," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कार्डावरचंच टाकलंत."

त्या दार उघडून आत गेल्या आणि तानूबाईंना हाताला धरून बाहेर घेऊन आल्या. तानूबाई पायात चपला सरकवत म्हणाल्या, "मशीन बिघाडलं व्हय?"  ताई म्हणाल्या, "सर येईपर्यंत बसा मावशी." बाकावर बुवा अजून होते. ते एका बाजूला सरकले, त्यांना जागा करून दिली. मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

पुढचा तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब तास. मी प्रोग्रॅमचा कागद काढून बसले, दर ओळीवर बोट ठेवून. जिथं जिथं आकडा मागितला होता तिथं पेन्सिलीनं खूण करत गेले. सव्वीस ठिकाणं निघाली. सव्वीसही ठिकाणी मी आकडा मागत होते आणि मिळाला का, हे विचारतच नव्हते. बाकावरून तानूबाई दोनदा उठून गेल्या, दोनदा परत आल्या. दर वेळी जाताना त्यांची पावलं थोडी घाईची होती.

पोंक्षे सर सव्वाबाराला आले. खांद्याला पिशवी, डोक्याला मफलर. शशिकलाताई काही बोलायच्या आत मी वही त्यांच्यापुढे केली. सरांनी उभ्यानंच वाचली. मग पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"रेघ टाकली?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझी रेघ." त्यांनी तानूबाईंचं कार्ड उचललं, त्या चौकोनावर बोट ठेवलं. "आकडा वाचायची जी आज्ञा तू वापरतेस, ती परत काही सांगते का? वाचला, नाही वाचला, असं काही?"

"मला माहीत नाही, सर."

"पुस्तक आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"काढ."

मी टेबलाच्या खणातून पुस्तक काढलं. त्या आज्ञेचं पान उघडलं. तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, किती आकडे वाचता आले ती संख्या ही आज्ञा परत देते. शंभर वेळा त्या पानावरून माझी नजर गेली असेल. वर दिलेलं उदाहरण मी उतरवून घेतलं होतं आणि खालचं वाचलं नव्हतं.

"सांगते," मी म्हटलं. "दर वेळी सांगते. मी कधी विचारलंच नाही."

मला वाटलं होतं सर ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही पुढे ओढली आणि माझ्या सहीखाली लिहिलं, नव्या हिशेबाची रोज तपासणी करायची असताना मी ती कुणावर न सोपवता मुंबईस गेलो. ना. के. पोंक्षे. मग पेन्सिल घेऊन डॉक्टरांकडे वर गेले. अर्ध्या तासानं दोघं खाली आले, तानूबाईंना तपासलं, पोट दाबून पाहिलं, औषध लिहून दिलं. तीन दिवस विश्रांती, एकूण दिवसांतला एक कमी, पुढचा सगळा हिशेब हातानं. सर मला म्हणाले, "धोका टळलाय असं डॉक्टरांना वाटतं. आतड्याला थोडा त्रास होईल, सावरेल. आणखी आठवडा गेला असता तर मी असं म्हणालो नसतो."



"आता त्यांना कोण सांगणार?" सरांनी विचारलं.

"डॉक्टर सांगतील ना?"

"औषधाचं डॉक्टरांनी सांगितलं. चुकीबद्दल कोण?"

मी बाकापाशी गेले. बुवा नुकतेच घरी गेले होते. तानूबाई एकट्याच होत्या, पदराच्या टोकाला गाठ मारत, सोडत. मी त्यांच्याशेजारी बसले.

"मावशी, मशीन बिघडलेलं नाही. मी चुकले."

"म्हंजे?"

"तुम्हाला किती वेळ किरण द्यायचे, तो हिशेब मी कॉम्प्युटरमध्ये लिहिलाय. त्यात चूक राहिली. तीन दिवस तुम्हाला जास्त दिले गेले."

"किती जास्त?"

"तीन दिवसांत सव्वाचार दिवसांचे."

त्या गाठीशी खेळायच्या थांबल्या. "मीठ जास्त पडलं म्हण की."

"हो."

"काढता येत न्हाई."

"नाही."

"म्हून पोट असं झालंय?"

"हो. म्हणूनच."

"मी सांगत व्हते त्या ताईला." त्यांचा आवाज चढला नाही. "मरतीया का मी ह्यानं?"

"नाही. डॉक्टरांनी पाहिलंय. पुढचे कमी करतायत, म्हणजे एकूण बरोबर होईल. त्रास मात्र थोडे दिवस राहील."

 मला वाटलं तानूबाई आता मुलाला बोलावतील, किंवा हात उगारतील. दोन्ही चाललं असतं. त्यांनी विचारलं, "कितवी शिकलीयास तू?"

"बीएस्सी. आणि कॉम्प्युटरचा कोर्स."

"अजून शिकतीयास?"

आठ महिने मी ज्याला त्याला सांगत आले होते की मला येतं. विश्वस्तांना, सरांना, वडिलांना, बुवांना.

"हो," मी म्हटलं. "शिकतेय."

"शीक की," तानूबाई म्हणाल्या. "पण माझ्यावर नगं."

शनिवारच्या बैठकीत माझा विषय निघाला नाही. प्रोग्रॅम बंद झाला. सरांनी मला काढलं नाही. त्यांच्यासमोर एक टेबल टाकलं आणि त्यांनी केलेला प्रत्येक हिशेब मी हातानं पुन्हा करायचा, जुळला तरच मशीनला जायचा, असं ठरवलं. दुपारी काम संपलं की मी ते पुस्तक घेऊन बसायची. रोज एक पान. पानावरच्या प्रत्येक आज्ञेला काही चुकीचं दिलं, अर्धवट दिलं, काहीच दिलं नाही तर ती काय करते ते करून पाहायचं आणि वहीत लिहायचं. चार वह्या भरल्या. दोन वर्षांनी तोच प्रोग्रॅम पुन्हा लिहिला तेव्हा त्यातला गणिताचा भाग पहिल्याएवढाच होता आणि बाकीचा सगळा भाग माणसाच्या हातून काय काय होऊ शकतं याचा. ती भाषा मला येते असं मी एखाद्याला संकोच न वाटता म्हणू लागले, त्याला आणखी नऊ वर्षं गेली. बुवांचा आवाज पुढे परत आला, थोडा घोगरा. त्यांच्या कीर्तनाला मी आजही पहिल्या ओळीत बसते.

पण त्या माघातलं अजून सांगायचं राहिलंय.

मंगळवारी तानूबाई परत आल्या. शशिकलाताईंनी दार उघडलं तर त्या आत जाईनात. म्हणाल्या, "ती पोर कुठाय? तिला बोलवा. ती हितं उभी ऱ्हायल्याबिगर मी झोपत न्हाई." ताई मला हाक मारायला आल्या. मला वाटलं आता सगळ्यांसमोर बोलणं खावं लागणार. तानूबाईंनी फक्त विचारलं, "आज किती?"

"एक पूर्णांक चार, मावशी. सरांनी काढलंय, मी ताडून पाहिलंय."

"दोनदा बघितलंस?"

"तीनदा."

"मग हितंच थांब," म्हणून त्या आत गेल्या.

पंधरा दिवस हे असंच. त्या येत, मला बोलावत, आकडा विचारत. मी कंट्रोलच्या खोलीत घड्याळाकडे बघत उभी राहत असे आणि लाल दिवा विझल्यावर त्यांना बाहेर आणायला मीच जात असे. पहिल्या आठवड्यात त्या माझा हात धरत नव्हत्या. दुसऱ्या आठवड्यात धरू लागल्या. पोट हळूहळू सावरलं.

शेवटच्या दिवशी मुलगा न्यायला आला होता. तानूबाईंनी सगळ्यांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले, सरांच्या, ताईंच्या, माझ्या. पायरीशी गेल्यावर थांबल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "ती तुझी भाषा का काय ती. आली का गं?"

"नाही, मावशी. अजून नाही."

त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, एक पायरी चढल्या.

"न्हाई म्हणतीयास ना," त्या म्हणाल्या, "मग यील."